तीनदा, मग चहा

ओरिकासा,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तू ते वाचणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे. या ऑगस्टमध्ये तुला जाऊन दोन वर्षं झाली. तुझ्या नोबुएने स्मृतिदिनाला बोलावलं होतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. दिवे उघडतात. दोन वर्षं चार महिने झाले, एकदाही अडकले नाहीत. हे ऐकून तू हसला असतास की कपाळ बडवून घेतलं असतंस, ते मला ठरवता येत नाही.

तू कोण, हे तुला सांगायची गरज नाही. पण हे दुसरेही वाचतील आणि त्यांना ते कळायला हवं. तेव्हा थोडा वेळ गप्प बस. माझ्या वर्गात बसायचास तसा.

मुनेहारू ओरिकासा हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस. इंजिन नाही, ब्रेक नाही, पत्राकाम नाही, फक्त वीज. त्याचे वडीलही तेच करत. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, भाताच्या गिरणीला लागून, एक गाडी मावेल एवढं त्यांचं दुकान. दारावर पाटी नव्हती, कारण गिऱ्हाईक थेट यायचंच नाही. गाडीचा मालक गाडी गॅरेजला देणार, गॅरेजवाला बाकीचं सगळं स्वतः करणार, आणि विजेचं दुखणं निघालं की गाडी मुकाट्याने ओरिकासाच्या दारात आणून लावणार. बिल गॅरेजच्या नावाचं, आभार गॅरेजचे. वायरमनचं तोंड मालकाला दिसायचं काही कारणच नाही. ओरिकासाला ते मानवायचं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

त्याचे हात मात्र बघण्यासारखे होते. जाड, आखूड बोटं, नखांत काळं भरलेलं. पण त्या बोटांनी तो वायरींचा जुडगा असा उलगडायचा, की एखादी बाई लहान मुलीच्या केसांतला गुंता काढते आहे असं वाटावं. वायर कापायला तो फार नाखूष असे. म्हणायचा, कापलेली वायर जोडता येते, पण ती विसरत नाही.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते चौऱ्याहत्तर साली, माझ्या वर्गात. मी सेंदाईच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान शिकून आलेली, हायस्कूलला हा विषय शिकवणारी आमच्या गावातली पहिली बाई, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. ओरिकासा खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर. परीक्षेत मी विजेच्या घंटेची आकृती काढायला सांगितली. त्याने शाळेचीच घंटा काढली. गंजलेल्या स्क्रूसकट, लाल वायर लाल पेन्सिलीने आणि काळी काळ्याने. चिन्हं एकही नाहीत. मी शून्य दिलं आणि वर्गासमोर कागद धरून म्हटलं, "ओरिकासा, तुझ्या डोक्यात वीज शिरायची नाही." पोरं हसली. तोही हसला. ती घंटा आदल्या महिन्यात त्यानेच दुरुस्त केली होती हे मला शिपायाने नंतर सांगितलं. मी शून्य काही बदललं नाही.

त्या वर्षअखेर त्याने शाळा सोडली. माझ्यामुळे नव्हे. वडिलांचे हात थरथरायला लागले होते. पण ते वाक्य त्याच्याबरोबर गेलं, आणि ते किती लांब गेलं हे मला बेचाळीस वर्षांनी कळलं.

आता गाडीबद्दल. ती माझ्या नवऱ्याची, तामोत्सुची. टपाल खात्यात छत्तीस वर्षं नाकासमोर चालून निवृत्त झालेल्या माणसाने कुणाला न विचारता एक तांबडी, दोनच माणसांची, छप्पर मागे पडणारी जुनी स्पोर्ट्‌स कार दारात आणून उभी केली. नव्वद सालची. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असत. दांडीवरचा खटका फिरवला की दोन झाकणं आपोआप वर यायची आणि दिवे डोळे उघडल्यासारखे उघडायचे. मी तिला बेडूक म्हणायची. तामोत्सु म्हणायचा, बेडूक तर बेडूक, पण मागच्या सीटवर तुझ्या बहिणीला न्यावं लागत नाही.

पंधरा साली त्याला पक्षाघात झाला. तेव्हापासून तो नदीपलीकडच्या इस्पितळात. बोलणं गेलं. नर्सच्या हातून एक घास गिळायचा नाही, तोंड घट्ट मिटून घ्यायचा. माझ्या हातून गिळायचा. संध्याकाळचं जेवण साडेपाचला, परतीची शेवटची बस पाच वाजता. म्हणजे मी पंचाहत्तराव्या वर्षी रोज बेडूक चालवायची, जायची, त्याला भरवायची, आणि अंधारात परत यायची. डिसेंबरात आमच्याकडे साडेचारलाच अंधारतं.

सोळा सालच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, परतताना, बाजारातल्या सिग्नलनंतर डावा दिवा उघडला नाही. आत जळत होता. झाकणाच्या फटीतून पिवळा उजेड नुसता गळत होता. पुढच्या सिग्नलला उजवाही गेला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, मोटरवरची रबरी टोपी काढून खालची चकती बोटांनी फिरवून फिरवून झाकणं वर केली, आणि बोटं बधिर करून घरी आले. सकाळी खटका फिरवला तर दोन्ही झाकणं टुणकन वर. जसं काही झालंच नाही.

मी गाडी शिशिदोच्या गॅरेजला नेली. शिशिदो म्हणजे चाळिशीतला, चकचकीत माणूस. वडिलांनी उभं केलेलं गॅरेज त्याने नवीन काचा लावून मोठं केलं होतं. वडील तीस वर्षं विजेचं सगळं काम ओरिकासाकडे पाठवत. मुलगा पाठवत होता, पण मोरिओका शहरातल्या एका कंपनीशी त्याचं बोलणं चाललं होतं. तिथे गाडीला संगणक जोडतात आणि कागद छापून मिळतो. शिशिदोला कागद आवडायचा.

ओरिकासाने गाडी पाहिली. फ्यूज पाहिला, रिले बदलला, बॉनेटखालची अर्थिंगची तिन्ही टोकं घासून चमकवली. झाकणं वर, खाली. वर, खाली. वर, खाली. ठीक. गाडी परत आली. सहा दिवसांनी पुन्हा तेच. बाजार ओलांडला आणि डावा गेला.

दुसऱ्यांदा मी गाडी थेट त्याच्याच दारात नेली. रीत मोडून. तो दुकानातून हात पुसत आला, मला पाहून कमरेत वाकला, आणि "बाई" म्हणाला. बेचाळीस वर्षांनी. बाकी काही नाही. मग त्याने मला प्रश्न विचारले, आणि ते मी जसेच्या तसे सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

बर्फ पडत असताना होतं का? कधी पडत असताना, कधी नाही. खड्ड्यातून गेल्यावर? नाही. निघताना दिवे लगेच उघडतात? लगेच. सगळा रस्ता दिवे लावूनच येता? मी म्हटलं, अंधारात दिवे विझवून येते असं वाटतं का तुला? तो ओशाळला. मग म्हणाला, "सिग्नलला विझवता?"

"मग. तेवढं वळण आहे आम्हाला."

त्याने मान डोलावली आणि पुढचं विचारलं. कारण तोही विझवायचा. आमच्या पिढीत सगळेच विझवत. लाल सिग्नलला उभं राहायचं तर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारून उभं राहायचं नाही, दिवा बंद करायचा, हिरवा झाला की लावायचा. हल्लीच्या मुलांना हे माहीत नाही आणि मला त्याचा राग येतो. मी एकही लाल सिग्नल चुकवत नसे. मी याची मनातल्या मनात फुशारकी मारत असे.

त्या खेपेला त्याने दोन्ही मोटरी काढून आतून साफ केल्या, घासलेले प्लॅस्टिकचे बुश बदलले, खटक्याचा अख्खा भाग नवा घातला. गाडी रात्रभर बाहेर उभी करून झाकणांवर पाणी ओतून गोठवली आणि सकाळी पाहिलं. वर, खाली. तीनदा. ठीक.

तीनदाच का, हे मी त्याला तेव्हाच विचारलं होतं. तो म्हणाला, बाबांनी शिकवलं आहे. झाकणाची मोटर एवढीशी असते, ती ओळीने पळवायची नसते, तापते. तीनदा वर-खाली करायची, मग थांबायचं, चहा प्यायचा, मग पुन्हा. गिऱ्हाईकाच्या गाडीचा जीव आपल्या घाईसाठी घ्यायचा नाही. दुकानात स्टोव्हवर किटली कायम असायची ती त्यासाठी. वडील जाऊन वीस वर्षं झाली, पण तीनदा म्हणजे तीनदा.

तिसऱ्यांदा गाडी जानेवारीत बिघडली. त्या दिवशी पुलाच्या अलीकडे, बर्फात, दोन्ही दिवे एकदम. मागून मालट्रक येत होता, त्याला मी दिसले नाही, आणि तो माझ्या आरशाला चाटून गेला. मी चकती फिरवायला खाली उतरले. मला स्वतःचं काही नव्हतं. मी मेले तर तामोत्सु उपाशी मरेल, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

शिशिदोने ओरिकासाला फोन केला. हे नोबुएने, त्याच्या बायकोने, मला नंतर सांगितलं. शिशिदो आवाज चढवत नाही. त्याने गोड बोलून सांगितलं की फेब्रुवारीत या गाडीची सरकारी तपासणी आहे, गॅरेजचा शिक्का लागणार आहे, आणि त्यानंतर ही गाडी एकदा जरी परत आली तर काम मोरिओकाला जाईल. हेच नव्हे. सगळंच. ओरिकासाचं नव्वद टक्के काम शिशिदोकडून यायचं. त्याला अठ्ठावन्नावं वर्ष चालू होतं, आणि दुसरं काही येत नव्हतं.

त्याने फेब्रुवारीचे पहिले आठ दिवस माझी गाडी ठेवून घेतली. मला तेवढ्यापुरती स्वतःची डबा व्हॅन दिली. पाचव्या दिवशी मी दुकानात डोकावले तर मला क्षणभर कळेना आपण कुठे आलो. गाडीच्या पुढच्या भागातलं सगळं वायरिंग त्याने बाहेर काढलं होतं आणि कपडे वाळत घालायच्या बांबूंवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलं होतं. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीवर रंग, लांबी आणि मीटरचा आकडा. तो त्या वायरींमध्ये उभा होता, दाढी वाढलेली, हातात अर्धा खाल्लेला भाताचा गोळा, आणि तो खायचा राहिला आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. नोबुए सुपरमार्केटमधून कामावरून येताना त्याच्यासाठी डबा आणायची. आदल्या दिवशीचा डबा न उघडता तिथेच पडलेला होता.

"बाई," तो म्हणाला, "मला सापडत नाही."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज कळतं. मी म्हटलं, दहा तारखेपर्यंत वेळ आहे, शोध. आणि निघाले, कारण साडेपाचचं जेवण होतं.

नोबुए सांगत होती, तो झोपेत वायरींचे रंग म्हणायचा. उठून बसायचा, हिरवी-काळी, हिरवी-काळी, असं म्हणायचा, आणि खाली दुकानात जायचा. एकदा तिला म्हणाला, बाबांच्या हाताला निदान कंप तरी होता, माझा हात स्थिर आहे आणि तरी सापडत नाही, म्हणजे बिघाड हाताच्या वर कुठेतरी आहे. ती म्हणाली, वेड्यासारखं बोलू नकोस. तो म्हणाला, "बाईंनी सांगितलं होतं."

सगळं परत जोडलं. एकही वायर न कापता. तपासणीत दिवे एकदा वर, एकदा खाली, पास. काचेवर नवं लेबल लागलं. तारीख दहा फेब्रुवारी. त्याच संध्याकाळी, बाजार ओलांडल्यावर, डावा दिवा गेला.

मी त्याच्याकडे जायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शिशिदोच्या गॅरेजला गेले. काचेच्या आत चार गिऱ्हाईकं कॉफी पीत बसली होती, आणि त्यांच्या पलीकडे काउंटरशी ओरिकासा उभा होता. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा रिले घेऊन आला होता, हातात छोटी पेटी. मी त्याला पाहिलं. पाहूनही मी शिशिदोशी बोलले. म्हटलं, शिक्का मारून गाडी देता आणि ती बारा तास टिकत नाही, मला मारायचं आहे का? आणि मग, आवाज न उतरवता, "मी चौऱ्याहत्तर सालीच सांगितलं होतं, याच्या डोक्यात वीज शिरत नाही."

या खेपेला कुणी हसलं नाही. ओरिकासाने पेटी काउंटरवर ठेवली. शिशिदोला नमस्कार केला, मला केला, कॉफी पिणाऱ्यांनाही केला, आणि गेला.

मोरिओकाच्या लोकांनी संगणक जोडायचा प्रयत्न केला. गाडी इतकी जुनी की जोडायला जागाच नव्हती. ते म्हणाले, दिवे कायम उघडे ठेवा. ते मी करून पाहिलं, झाकणांचं वेगळं बटण असतं ते दाबून झाकणं वरच ठेवली, आणि दिवे अडकायचे थांबले. खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं. पदार्थविज्ञान शिकवत होते मी. पण माझ्या डोक्यात एवढंच आलं की चला, डोक्याचा ताप गेला. आणि चार-सहा आठवड्यांनी, एप्रिल उजाडला, बर्फ गेलं, संध्याकाळ लांबली, मी ते बटण विसरून गेले आणि पुन्हा पूर्वीसारखी चालवायला लागले. उजेड जास्त म्हणून सिग्नलला दिवे विझवण्याची वेळ शेवटच्या दोन-तीन ठिकाणीच यायची, आणि तेवढ्याने काही अडकत नसे.

ओरिकासाने मार्चअखेर दुकान बंद केलं. हे मला गिरणीवाल्याकडून कळलं. मीटर, सोल्डरिंगची हत्यारं, सगळं तेलाच्या कापडात बांधून ठेवलं म्हणे. फक्त दुकानाचा फोन काढला नव्हता. त्या फोनचं मी पुढे सांगते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी पुलाचं काम चालू होतं. एक बाजू बंद, एकच रांग सोडत होते. पिवळं हेल्मेट घातलेल्या माणसाने लाल दिव्याची काठी आडवी धरून मला थांबवलं. रांगेत मी पहिली. काठीवाल्यांना चेहरा नसतो, निदान मी तरी कधी बघत नाही. आभाळ ढगाळलेलं, अंधारत आलेलं. तो माणूस समोरच उभा, माझे दिवे थेट त्याच्या डोळ्यांत. मी वळणाप्रमाणे दिवे बंद केले. झाकणं खाली गेली.

दोन-तीन मिनिटांनी समोरची शेवटची गाडी गेली. काठी हलणार म्हणून मी खटका फिरवला. झाकणं वर आली.

काठी हलली नाही. तो माणूस माझ्या दिव्यांकडे बघत राहिला. मग त्याने काठी पुन्हा आडवी केली आणि दुसऱ्या हाताचं मनगट हवेत फिरवलं. बंद करा. मी बंद केले. झाकणं खाली. पुन्हा मनगट. लावा. झाकणं वर. माझ्या मागे पाच-सहा गाड्या, कुणी हॉर्न वाजवला नाही. तो चालत माझ्या खिडकीशी आला आणि हेल्मेट थोडं मागे केलं.

"बाई," ओरिकासा म्हणाला, "सिग्नलला असंच करता?"

"असंच म्हणजे कसं?"

"पूर्ण बंद."

"मग अर्धवट कसं बंद करतात?"

त्याने खिडकीतून हात आत घातला. हातात पांढरा सुती मोजा होता. दांडीवरचा खटका त्याने फिरवला, पण शेवटपर्यंत नाही. एकच घर मागे. पुढचे मोठे दिवे विझले. बाजूचे बारीक दिवे राहिले. झाकणं वरच राहिली.

"असं," तो म्हणाला.

तामोत्सु असंच करायचा. पंधरा वर्षं मी त्याच्या शेजारी बसले होते. मी कधी पाहिलं नाही. मला कुठलीही गोष्ट अर्ध्यावर थांबवता येत नाही, मी नळसुद्धा पिळून बंद करते. मी प्रत्येक सिग्नलला खटका दोन्ही घरं मागे न्यायची, आणि प्रत्येक सिग्नलला ती एवढीशी मोटर झाकण मिटायची आणि पुन्हा उघडायची.

"इस्पितळापासून घरापर्यंत अकरा सिग्नल," तो म्हणाला.

"बारा. शाळेजवळ नवा झाला आहे."

"बारा." तो मोजत होता. "म्हणजे बाजारापर्यंत आठ. आठ वेळा खाली, आठ वेळा वर, वीस मिनिटांत. मोटर तापते, बाई. तापली की आतली पट्टी वाकते आणि वीज तोडते. निवली की सरळ. सकाळी ठणठणीत." मग त्याचा चेहरा असा झाला की मी नजर काढून घेतली. "मी तीनदाच करायचो. चारदा केलं असतं. आठदा केलं असतं तर त्याच दिवशी."

पलीकडच्या टोकाच्या माणसाचा आवाज त्याच्या खांद्यावरच्या यंत्रातून आला, काय झालं विचारत. ओरिकासा म्हणाला, एक मिनिट. मला वाटलं आता हा ओरडेल. मी त्याच्या जागी असते तर ओरडले असते. मी तयार होऊन बसले होते.

तो म्हणाला, "शिशिदोला सांगाल?"

मी खटका एक घर पुढे, एक घर मागे करून पाहिला.

"मी सांगितलं तर सबब वाटेल. दुकान गेल्यावर कुणीही काहीही सांगतं. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. मला त्याचं काम नको, म्हणजे, दिलं तर हवं आहे. पण आधी त्याला कळू दे, की वायरिंगमध्ये काही नव्हतं. मी सगळं नीट जोडलं होतं. एवढंच सांगा."

"उद्या सकाळी सांगते," मी म्हटलं.

"उघडल्या उघडल्या? नंतर त्याच्याकडे गर्दी होते."

"नऊ वाजता."

तो कमरेत वाकला. मग जागेवर गेला आणि काठी हलवली. मी निघाले. आरशात त्याची काठी मागच्या गाड्यांना हलताना दिसत होती, नेहमीपेक्षा जोरात.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, ओरिकासा.

मी गेले होते. नऊ वाजता. नोबुएला वाटतं मी गेलेच नाही. मी गेले. शिशिदोने काचेचं दार उघडून आत घेतलं, चहा दिला, आणि हसत विचारलं, काय बाई, दिवे काय म्हणतात? एक गिऱ्हाईक बसलं होतं, माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली. मला एक वाक्य बोलायचं होतं. दिवे मी बिघडवत होते, त्याने काही चूक केली नव्हती. वाक्य तयार होतं. रस्ताभर म्हटलं होतं.

मी म्हटलं, "चालतात."

आणि वायपरचं रबर बदलून घेतलं. नवीनच होतं.

मग सोमवारी जाईन म्हटलं. मग मे महिन्यात तामोत्सुला न्यूमोनिया झाला. मग पावसाळा. मधे पुलावर तू मला दोनदा दिसलास, आणि दोन्ही वेळा तू काही विचारलं नाहीस, नुसता नीट, जरा जास्तच वाकलास. मी एक घर मागे खटका फिरवून उभी होते, झाकणं वर. तू ते पाहिलंस. मग पुलाचं काम संपलं आणि तुला बायपासवर पाठवलं. तिथे सावली नाही. ऑगस्टच्या आठ तारखेला दुपारी दोन वाजता तू काठी हातात घेऊनच खाली बसलास, आणि लोकांना वाटलं विसावला आहे.

फोनचं नोबुएने अंत्यविधीच्या वेळी सांगितलं. रागाने नाही, मी काय बोलणार होते ते तिला तेव्हा माहीतच नव्हतं. म्हणाली, ते कामावरून आले की आधी दुकानात जायचे आणि विचारायचे, शिशिदोचा फोन आला होता का. रोज. मी म्हणायची, त्याचा फोन कशाला येईल? ते म्हणायचे, येईल, बाई बोलणार आहेत.

तामोत्सु त्याच हिवाळ्यात गेला. मला आता संध्याकाळी कुठे जायचं नसतं. तरी मी अंधार पडला की गाडी काढते, इस्पितळापर्यंत जाते, आणि परत येते. बारा सिग्नल, एक-एक घर. झाकणं वर राहतात. रोज सिद्ध होतं की तू सगळं नीट जोडलं होतंस. बघायला मी एकटी.

शिशिदोचं गॅरेज अजून तिथेच आहे. आता सांगून काय उपयोग, असं मी म्हणते. माझ्या घरापासून ते आठ मिनिटांवर आहे, आणि वाटेत दोनच सिग्नल लागतात.